आधी चालू करा, चमकवायचं मग बघू

पत्र असं आहे: "मी मूळचा सांगलीचा. गेली चार वर्षं इटलीत लेक्कोला, तारा ओढायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. आमच्या घरमालकीणबाई ऐंशी पार आहेत. त्यांच्या दिवंगत यजमानांची १९६७ ची मोटो गुझी स्टोर्नेलो १२५ तळघरात तीसेक वर्षं झाकून पडली होती. गेल्या महिन्यात त्यांनी तळघराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, 'तू इंजिनियर आहेस ना, ने ती.' इंजिन जाम आहे, टाकीत गंज आहे, वायरी उंदरांनी खाल्ल्या आहेत. लाल रंग उडालाय, पण पोचे फारसे नाहीत. सगळी गाडी सुटी करायची, फ्रेम आणि टाकी सँडब्लास्ट करून नवा रंग मारायचा, क्रोम करायचं, वायरिंग १२ व्होल्टचं करायचं आणि शेवटी इंजिन, असा बेत आहे. दोन वर्षं धरली आहेत. बाबांचं सांगलीत राजदूत-बुलेटचं गॅरेज होतं, ते फोनवर नुसते हसतात. म्हणतात, जन्मात कधी पान्हा धरला नाहीस. सुरुवात कुठून करू?" – समीर, लेक्को

प्रिय समीर,

बाबांना हसू द्या. गॅरेजवाल्याचा पोरगा शिकून इटलीला गेला आणि तिथे तळघरात उकिडवा बसून ठिणगीचे पॉइंट घासतोय, हे हसण्यासारखं आहेच. पण त्यांच्याशी भांडू नका, शेवटी त्यांची गरज लागणार आहे.

तुमच्या बेतातलं एकेक काम घेतलं तर फारसं चूक नाही. क्रम मात्र पार उलटा आहे. इंजिन फिरतं की नाही हे माहीत नसताना तुम्ही रंगाची छटा ठरवायला बसला आहात.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण हीच गाढवकी मी केली आहे. ब्रेशियाला नोकरीत असताना शेजारच्या म्हाताऱ्याने मला त्याची स्टोर्नेलो दिली. पहिल्याच शनिवार-रविवारी मी ती शेवटच्या वॉशरपर्यंत सुटी केली. सुटे भाग बिस्किटांच्या डब्यांत भरले. फोटो काढले नाहीत, सगळं लक्षात राहील असा माज होता. फ्रेम आणि टाकी एका ब्लास्टिंगवाल्याकडे टाकली. टाकी परत आली, झाकण काढून उजेडाकडे धरली, तर आत चांदणं पडलेलं! गंजाने पापुद्र्यासारखा झालेला पत्रा वाळूच्या माऱ्याने चाळणी झाला होता. दुसरी टाकी शोधण्यात वर्ष गेलं, मग बदली झाली, मग डबे एका घरातून दुसऱ्या घरात. म्हातारा दर रविवारी कॉफी घेऊन झाली की दारात उभा राहून विचारायचा, "पार्ते?" म्हणजे, होते का सुरू? तिसऱ्या वर्षापासून तो यायचा थांबला. गाडी सुरू झाली ती सहाव्या वर्षी.

तुमच्या आजीबाई ऐंशी पार आहेत. दोन वर्षांचा कागद फाडा. फिक्या रंगासकट, पोच्यांसकट ही गाडी याच मोसमात चालती करायची, एवढंच ठरवा. आणि खरं सांगायचं तर रंगाला हात लावायची वेळ बहुधा येणारच नाही. इटलीत जुन्या गाड्यांच्या लोकांमध्ये 'कोन्सेर्वातो', म्हणजे मूळ अवस्थेत सांभाळलेली गाडी, हा शब्द आदराने घेतात. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं, मग मेणाचं पॉलिश, एवढंच करा. टाकीच्या दोन्ही बाजूंना यजमानांच्या गुडघ्यांनी रंग घासून गेलेला असेल. त्या दोन जागा आजीबाई ओळखतील. नवा रंग मारलात तर ती गाडी त्यांच्यासाठी दुकानातली होईल.

गाडी कोणती आहे हेही जरा ओळखून घ्या. मोटो गुझीचा कारखाना १९२१ पासून मांदेल्लो देल लारियोला आहे, तुमच्या घरापासून तळ्याच्या काठाकाठाने दहा-अकरा किलोमीटर. बोधचिन्ह गरुड, आणि गाड्यांना नावं पाखरांची. एरोने म्हणजे बगळा, फाल्कोने म्हणजे ससाणा, कार्देल्लिनो, लोदोला वगैरे. स्टोर्नेलो म्हणजे आपल्या साळुंकीचा चुलतभाऊ, आणि गाडीही तशीच आहे, डौल कमी आणि चिकाटी जास्त. १९५७ मध्ये फियाटची छोटी ५०० बाजारात आली आणि जो कामगार कालपर्यंत मोटरसायकल घेत होता तो चार चाकांचं स्वप्न बघू लागला. त्या मंदीत, १९६० मध्ये, गुझीने ही स्वस्त गाडी काढली. एक सिलिंडर, पुशरॉडचं (लांब काड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं) इंजिन, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ५२ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ५८ मिलिमीटर, १२३ सीसी, सातेक अश्वशक्ती. शर्यतीसाठी नाही, कारखान्याच्या भोंग्याला पोचण्यासाठी. म्हणजे ती घरच्या घरी, चार पान्ह्यांत दुरुस्त व्हावी अशीच बांधलेली आहे. नशिबाने तुमच्या हाती डुकाटीचं बेव्हल गिअरचं इंजिन पडलं नाही. त्यात शिमा, म्हणजे पातळ चकत्या, लावता लावता शहाण्यांचे केस पिकतात.

आता कामाला लागू. पण हात काळे करण्याआधी कागद.

आजीबाईंना 'लिब्रेत्तो' विचारा, म्हणजे गाडीचं पुस्तक. ते बहुतेक कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये वीजबिलांखाली असेल. त्यावरचा चासी नंबर फ्रेमवरच्या नंबराशी ताडून बघा. जुनी नंबरप्लेट जिवापाड जपा. लेक्को हा वेगळा जिल्हा १९९२ चा, त्याआधी ते कोमोत होतं, त्यामुळे प्लेटवर कोमोची अक्षरं असतील. ती अक्षरं म्हणजे गाडी तिथलीच असल्याचा दाखला. मग नंबर घेऊन मोटार नोंदणीच्या कचेरीतून, तिथे तिला 'प्रा' म्हणतात, एक उतारा काढा. गाडी अजून नोंदीवर आहे की कर थकल्यामुळे नाव काढून टाकलंय, हे त्यात कळतं. नाव काढलेलं असलं तरी घाबरू नका. तोरीनोची आसी ही १९६६ पासूनची जुन्या वाहनांची संघटना आहे, ती आणि मोटरसायकल महासंघाची ऐतिहासिक नोंदवही, या दोन वाटांनी अशा गाड्या पुन्हा रस्त्यावर येतात. विमाही त्यांच्या दाखल्यावर बराच स्वस्त पडतो.

एक गोष्ट नाजूक आहे. गाडी अजून यजमानांच्या नावावर असेल तर ती एकट्या आजीबाईंची नाही. इटलीच्या कायद्यात बायकोबरोबर मुलांचाही वाटा असतो. मुलगा मिलानोत असो की मेक्सिकोत, त्याची सही आधी घ्या. गाडी भंगारात जमा असते तोवर ती कोणालाच नको असते. चालू झाली की सगळ्यांना बाबांची आठवण येते. सांगलीच्या माणसाला हे मी समजावून सांगायला नको.

इंजिन जाम म्हणजे काय झालंय? नव्वद टक्के वेळा एकच. तीस वर्षांच्या दमटपणाने बोअरच्या लोखंडाला गंज धरला आणि पिस्टनच्या रिंगा तिथे चिकटून बसल्या. तुमच्याकडून एक वचन हवं, किकला पाय लावायचा नाही. जाम इंजिनावर उभं राहून किक मारली की किकचे दाते तुटतात, शाफ्ट पिळतो, आणि गंजाचं काम बाजूला राहून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडायची वेळ येते. बाबांना विचारा, त्यांनी अशी किती इंजिनं पाहिली असतील.

आधी प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्म घ्या, बाटलीत खळाखळा हलवा आणि प्लगच्या भोकातून चार-पाच चमचे आत सोडा. वास उग्र, आग झटकन पकडणारा, त्यामुळे दार उघडं ठेवा आणि तळघरातला बॉयलर लक्षात ठेवा. भोकात चिंधी कोंबा आणि चार दिवस तिकडे फिरकू नका. पाचव्या दिवशी अजून थोडं सोडा. या चार दिवसांत हेडवरचं झाकण उघडून व्हॉल्व्ह बघून घ्या. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकावर नायलॉनच्या हातोडीने हलकेच टिचकी मारायची. व्हॉल्व्ह खाली जाऊन टपकन वर आला तर ठीक. खालीच राहिला तर तो गाइडमध्ये, म्हणजे त्याच्या नळीत, चिकटला आहे, आणि तसंच इंजिन फिरवलंत तर पिस्टन त्याच्यावर आपटेल किंवा पुशरॉड वाकेल. त्याला तेल पाजून, टिचक्या मारून आधी मोकळा करा.

मग गाडी स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे डोलवा. झटका नाही, नुसतं डोलवायचं, बाळाची पाळणादोरी ओढतात तसं. पहिले दोन दिवस काही होणार नाही. मग कधीतरी चाकात केसभर सैलपणा जाणवेल आणि तुम्हाला वाटेल भास झाला. भास नसतो. तिथे थांबा, पुन्हा तेल सोडा, दुसऱ्या दिवशी या. माझ्या इंजिनाला अकरा दिवस लागले होते.

सुटलं की उत्साहात प्लग लावू नका. सिलिंडरमध्ये ते मिश्रण साचलेलं असतं, द्रव दाबला जात नाही, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढलेलाच ठेवून चाकाने इंजिन फिरवा, भोकावर फडकं धरा, सगळं बाहेर येऊ द्या. उरलेलं रिंगांवरून झिरपून खालच्या तेलात मिसळलेलं असतं म्हणून इंजिन ऑईल बदला. जुनं तेल पांढऱ्या भांड्यात काढा आणि त्याच्याकडे नीट बघा. सोनेरी चकाकी दिसली तर पितळी बुश झिजलंय. चुंबकाला काही चिकटलं तर लोखंड, म्हणजे गिअर नाहीतर बेअरिंग. नुसता काळा गाळ असेल तर देवाचे आभार माना. आता प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन फिरवा. हवेने अंगठा उडाला तर हेड उघडायचंही कारण नाही. नाही उडाला तर हेड आणि सिलिंडर काढा, या इंजिनात ते एका दुपारचं काम आहे. सिलिंडर निघालाच आहे तर रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलेल, ते चालतं. वर-खाली टक् असा आवाज आला तरच क्रँककेस उघडण्याचा विषय काढायचा. तोपर्यंत खालच्या अंगाला हात लावू नका.

उंदरांनी वायरी खाल्ल्या हे बरंच झालं, जुन्या सांभाळायचा मोह संपला. या गाडीत वायरी आहेत तरी किती? संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवा गजरा बांधून होईल. १२ व्होल्टचं खूळ मात्र डोक्यातून काढा. सहा व्होल्टची बत्ती मिणमिणते ती व्होल्टेज कमी म्हणून नाही, अर्थिंग कुजलेलं असतं म्हणून. हिशोब सोपा आहे. २५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर दोन अँपिअर घेतो, सहावर चार. करंट दुप्पट, त्यामुळे गंजलेल्या सांध्यात वीज मरते तीही जास्त. वायर जरा जाड घ्या, अर्थिंगच्या प्रत्येक जागी रंग खरवडून धातू उघडा करा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. दिवा बघून तुम्हीच चकित व्हाल.

ठिणगीसाठी पॉइंट आधी बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मग कोरा कागद मध्ये धरून ओढा. ही शेवटची पायरी लोक विसरतात. पेपरची भुकटी पॉइंटमध्ये राहते आणि ठिणगी येत नाही म्हणून कॉइल बदलत बसतात. कंडेन्सर मात्र न तपासता बदला. तो चार पैशांचा डबा तीस वर्षांत आतून खराब झालेला असतो, आणि गंमत म्हणजे थंड असताना नीट चालतो. गाडी दहा मिनिटं पळते, तापते आणि बरोबर चढावर बंद पडते. तुमच्याकडे चढांना तोटा नाही.

टाकीसाठी ब्लास्टिंग नाही आणि आतून लेपही नाही. लेप जुन्या गंजावर बसत नाही, वर्षभरात त्याचे पोपडे सुटून कार्बोरेटरमध्ये येतात. आपल्याकडे ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व घ्या. तिथे सुपरमार्केटात नळाचा क्षार काढायला 'आचिदो चित्रिको' म्हणून खोकं मिळतं, तेच हे. लिटरला ५०-६० ग्रॅम, गरम पाण्यात. पेट्रोल कॉक काढून तिथे बूच मारा, टाकी तोंडापर्यंत भरा आणि रात्रभर ठेवा. पाणी चहासारखं होईल. बाहेरच्या रंगावर ओघळ येऊ देऊ नका, टाकीला आधी मेण लावून ठेवा. ओतून दिलं की खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. लगेच म्हणजे लगेच. चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत आत नारिंगी झाक चढलेली असते. मग थोडं तेल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून ठेवा.

पेट्रोल पंपावर ई-५ असं लिहिलेलं बघून भरा आणि रबरी नळी नवीन टाका, जुनी इथेनॉलने मऊ पडते. इथे पुण्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, माझी लॅम्ब्रेटा त्याच्यावर रोज नवीन नखरा करते. पण ते रडगाणं तुम्हाला कशाला.

कार्बोरेटर देल्लोर्तोचा आहे. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, तार घालू नका, नायलॉनचा धागा घाला. पितळी फ्लोट, म्हणजे आतला तरंगता डबा, गरम पाण्यात बुडवून धरा. बुडबुडा आला तिथे भोक आहे, बारीक झाळून टाका. आणि इंजिनाला जोडणारी फ्लँज काचेवर ठेवून बघा. कोणीतरी कधीतरी नट जास्त आवळलेले असतात आणि ती केळ्यासारखी वाकलेली असते. मग फटीतून हवा जाते, गाडी एका जागी उभी असताना भुरभुरते आणि मेकॅनिक जेटशी खेळत बसतो. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून इंग्रजी आठ काढत घासली की सपाट होते.

बाकी कामं रोजचीच आहेत. टायर-ट्यूब नवे घ्या, नक्षी कितीही छान दिसली तरी. केबल सगळ्या नव्या. क्रोमवरचा हलका गंज ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात भिजवून घासलात तर निघतो. ब्रेकचे ड्रम उघडताना मात्र हवा मारू नका आणि फुंकूही नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

सुटे भाग घरबसल्या मागवता येतात, पण एकदा तरी मिलानोजवळ नोवेग्रोला किंवा सप्टेंबरात इमोलाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर भरतो त्या जुन्या बाजाराला जा. तुटका भाग खिशात आणि व्हर्निअर हातात ठेवा. विकणारा छातीठोकपणे सांगतो की हा स्टोर्नेलोचाच, आणि तो निघतो लोदोलाचा.

परवान्याचं बघून ठेवा. चार वर्षं तिथे राहताय म्हणजे आपला भारतीय परवाना केव्हाच संपला, रहिवासी झाल्यापासून तो एकच वर्ष चालतो. तिथला मोटारीचा बी परवाना काढला असेल तर इटलीच्या हद्दीत १२५ सीसी त्यावरच चालवता येते.

सुरू करायचा दिवस उजाडेल तेव्हा गाडी तळघरातून वर अंगणात आणा, धूर बंद जागेत जीवघेणा असतो. प्लग काढून इतक्या किका मारा की हेडवरच्या झाकणाखाली तेल आलेलं दिसेल. टाकी लावू नका, पेट्रोलची लहान बाटली उंच टांगून नळी जोडा. सुरू झाली की पांढऱ्या धुराचा लोट येईल, ते आपणच सोडलेलं तेल जळतंय. दोन मिनिटांत बंद करा, गळती बघा. त्या दिवशी आजीबाईंना बोलवू नका. पहिल्या दिवशी हमखास काहीतरी गळतं. दुसऱ्या दिवशी बोलवा. आणि चक्कर मारायला निघालात तर गिअर उजव्या पायाला आहेत आणि ब्रेक डाव्या, जुन्या बुलेटचे होते तसेच. बाबांना ते सांगावं लागलं नसतं.

मात्र आजीबाईंच्या आधी एक फोन सांगलीला करा. इंजिन गार असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सेट करा, मग गाडी सुरू करून फोन हेडजवळ धरा आणि बाबांना आवाज ऐकवा. टॅपेट जरा वाजतायत की जास्त आवळले गेलेत, हे ते दहा सेकंदांत सांगतील. तेव्हा ते हसतात का, हे मला जरूर कळवा.